दहा किलोची स्प्रिंग : आकडा खरा, सौदा कच्चा

कापडाच्या धंद्यात उमर घालवलेला माणूस मोटारीच्या स्प्रिंगवर काय लिहिणार, असे कोणी विचारील. विचारणे रास्त आहे. पण मध्यंतरी आमच्याच घरात एका स्प्रिंगवरून कज्जा उभा राहिला. तो मिटवता मिटवता लक्षात आले की भानगड मोटारीची नाहीच, मापाची आहे. आणि माप हा कापडवाल्याचा रोजचा विषय आहे.

हकीकत अशी. माझ्या भाच्याचे मुंबईच्या उपनगरात छोटे गॅरेज आहे. त्याच्याकडे होंडा सिव्हिक गाडीचा एक मालक आला. गाडी २००९ सालची. त्याचा भाऊ दुबईला असतो आणि त्याच्याकडेही सिव्हिकच आहे, पण जुनी, १९९८ सालची. त्या जुन्या गाडीला जपानी बनावटीचे कॉइलओव्हर लावलेले. भावाने फोनवर तारीफ केली, "पुढे दहा किलोच्या स्प्रिंग आहेत, गाडी रस्त्याला चिकटून चालते." झाले! मालकाने ठरवले की आपल्यालाही दहा किलोच पाहिजे. एका दुकानदाराने मागणीप्रमाणे सेट मागवून दिला, भाच्याने तो नीट बसवून दिला. चौथ्या दिवशी गाडी परत. घरातल्या बाईंची पाठ धरली, खड्ड्यावर गाडी दगडासारखी आपटते, आणि वेगात असताना रस्ता जरा उंचसखल लागला की चाक जमीन सोडते.

दुकानदार म्हणाला, जे मागितले ते दिले. भाचा म्हणाला, "मामू, फिटिंगमध्ये एक नट ढिला निघाला तर बोला." मालक म्हणाला, भावाच्या गाडीत दहा किलो, माझ्या गाडीत दहा किलो, मग ती मखमल आणि ही गोणपाट कशी? मला फसवले.

गंमत अशी की तिघेही खरे बोलत होते. स्प्रिंग खरोखर दहा किलोचीच होती. तरी सौदा कच्चा निघाला.

आता हे "दहा किलो" म्हणजे काय ते आधी पाहू. कॉइलओव्हर म्हणजे शॉकपच्या नळीवरच बसवलेली स्प्रिंग. नळीला आटे पाडलेले असतात, त्यावरची चकती फिरवून गाडीची उंची कमी-जास्त करता येते. या स्प्रिंगचा जो "रेट" सांगतात तो तिचे वजन नव्हे आणि ती पेलू शकते तो बोजाही नव्हे. स्प्रिंग एक मिलिमीटर दबायला किती किलो जोर लागतो, तो तिचा रेट. दहा किलोच्या स्प्रिंगवर शंभर किलो ठेवले तर ती दहा मिलिमीटर दबेल, दोनशे ठेवले तर वीस. दाब आणि दबणे यांचा हा सरळ हिशेब इंग्लंडच्या रॉबर्ट हुक या शास्त्रज्ञाने १६७८ साली छापून मांडला. तो आजही तसाच लागू आहे.

हिशेब सरळ असला तरी माप मात्र तीन तऱ्हेचे चालते. जपानी आणि तैवानी माल बहुधा किलो प्रति मिलिमीटरवर विकला जातो, युरोपातला न्यूटन प्रति मिलिमीटरवर आणि अमेरिकेतला पौंड प्रति इंचावर. एक किलो प्रति मिलिमीटर म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन प्रति मिलिमीटर आणि ५६ पौंड प्रति इंच. म्हणजे एका डब्यावर ८, दुसऱ्यावर ७८ आणि तिसऱ्यावर ४४८ लिहिले असेल तर तिन्ही स्प्रिंग एकाच ताठरतेच्या. जर्मनीच्या आयबाख कंपनीच्या सुट्या स्प्रिंगवर २००-६०-००८० असा नंबर असतो. त्यातले पहिले लांबी मिलिमीटरमध्ये, दुसरे आतला व्यास आणि शेवटचे ८० न्यूटन. किलोत मोजली तर ती आठ किलोला जराशी वर भरते. ज्याला हे वाचता येत नाही तो "ऐंशी" ऐकून दबकतो किंवा "आठ" ऐकून नाक मुरडतो.

आपल्या मालेगाव-भिवंडीच्या बांधवांना हे नवे नाही. सुताचा काउंट वाढला की सूत बारीक होते, डेनियर वाढला की धागा जाड होतो. काउंटमध्ये एका पौंडात ८४० यार्डांच्या लडी किती बसतात ते मोजतात, तर डेनियरमध्ये ९००० मीटर धाग्याचे वजन किती ग्रॅम भरते ते. साठ काउंट आणि साठ डेनियर शेजारी ठेवून "दोन्ही साठच" म्हणणाऱ्याला आपण बाजारात उभे करणार नाही. मग स्प्रिंगच्या बाजारात हेच का चालवून घ्यायचे?

पण भाच्याच्या कज्ज्यात माप एकच होते. दोन्हीकडे जपानी किलो. मग फरक कुठून आला?

फरक आला स्प्रिंग कुठे बसली आहे त्यातून. होंडाने १९९०च्या दशकातल्या सिव्हिकला पुढे "डबल विशबोन" पद्धतीचे सस्पेन्शन दिले होते. त्यात चाक दोन आडव्या आर्मांवर लटकते आणि शॉकप-स्प्रिंग खालच्या आर्मच्या मध्यावर कुठेतरी टेकलेली असते. चाक दहा मिलिमीटर वर आले तर स्प्रिंग सहा-सात मिलिमीटरच दबते. २००१च्या सिव्हिकपासून होंडाने पुढची रचना बदलली आणि मॅकफर्सन स्ट्रट आणला. भारतात २००६ ते २०१३ या काळात विकली गेलेली सिव्हिकही पुढे स्ट्रटचीच. स्ट्रटमध्ये स्प्रिंग जवळपास चाकाच्या डोक्यावर उभी असते. चाक दहा मिलिमीटर चढले की स्प्रिंग साधारण साडेनऊ मिलिमीटर दबते. नाव दोन्हीकडे सिव्हिक, कंपनी एक, पण पोटातली रचना निराळी.

चाक किती हलले आणि स्प्रिंग किती हलली, या प्रमाणाला कारागीर "मोशन रेशो" म्हणतात. चाकावर खरी ताठरता किती पोचते ते काढायचे तर स्प्रिंगच्या रेटला या प्रमाणाने एकदा नव्हे, दोनदा गुणावे लागते. एकदा अशासाठी की तरफेमुळे स्प्रिंगचा जोर चाकापर्यंत पोचताना कमी होतो. दुसऱ्यांदा अशासाठी की स्प्रिंग मुळात दबतेच कमी. समजा, जुन्या गाडीत प्रमाण ०.६५ आहे आणि नव्या गाडीत ०.९५.

जुन्या गाडीत १० गुणिले ०.६५ गुणिले ०.६५ म्हणजे सुमारे ४.२ किलो.

नव्या गाडीत १० गुणिले ०.९५ गुणिले ०.९५ म्हणजे सुमारे ९ किलो.

दोन्ही डब्यांवर दहाच लिहिलेले, पण चाकावर एक सव्वाचार आणि दुसरी नऊ. दुपटीहून जास्त. दुबईच्या भावाने खोटे सांगितले नाही, मुंबईच्या दुकानदाराने खोटे दिले नाही. फक्त मधला गुणाकार कोणी केला नाही.

यातून आणखी एक गोष्ट निघते. विशबोनच्या गाडीतली दहा किलोची स्प्रिंग स्ट्रटच्या गाडीतल्या सहा किलोच्या स्प्रिंगहून नरम ठरते, कारण सहा किलो स्ट्रटवर चाकापाशी ५.४ भरतात. तेव्हा "यांच्या सेटमध्ये दहा, त्यांच्या सेटमध्ये सहाच, म्हणून दहावाला माल भारी" हा हिशेब गाडी बदलली की कोसळतो. इतकेच काय, एकाच गाडीच्या पुढच्या-मागच्या आकड्यांची तुलनाही अशीच फसवी असते. मारुती स्विफ्ट किंवा फोक्सवॅगन पोलो यांना पुढे स्ट्रट आणि मागे आडवा बीम आहे. मागची स्प्रिंग शॉकपवर नसून बीमवर वेगळी बसते. तिचा रेट पुढच्याशी ताडून पाहणे म्हणजे ताण्याचा धागा बाण्याच्या धाग्याशी मोजणे.

मग खरी तुलना करायची कशी? कारागीर बांधवांसाठी एक सोपा हिशेब देतो. इंजिनिअर लोक याला स्प्रिंगची नैसर्गिक लय म्हणतात. चाकावर गाडीचे जे वजन येते ते घ्या. त्यातून चाक, टायर, ब्रेक यांचे वजन वजा करा, कारण ते स्प्रिंगच्या खाली असते. उरलेल्या वजनाला चाकावरच्या ताठरतेने भागा. जे मिलिमीटर येतील त्यांचे वर्गमूळ काढा आणि ९४६ला त्याने भागा. गाडी एका मिनिटात किती वेळा वरखाली डोलू पाहील, तो आकडा मिळतो.

जुन्या गाडीत चाकामागे ३०० किलो धरले तर ३०० भागिले ४.२, म्हणजे ७१ मिलिमीटर. मिनिटाला सुमारे ११२ वेळा. नव्या गाडीत ३५० किलो धरले तर ३५० भागिले ९, म्हणजे ३९ मिलिमीटर. मिनिटाला सुमारे १५० वेळा. आता ताडून पाहा. कंपनीतून निघालेली साधी घरगुती गाडी बहुधा ६० ते ९०च्या दरम्यान डोलते. चपळ, खेळकर गाडी ९० ते १२०. त्याच्या वर गेलात की शर्यतीचे मैदान लागते. म्हणजे दुबईचा भाऊ कडक पण सोसवेल अशा गाडीत बसला होता आणि मुंबईचा भाऊ बायकापोरांना शर्यतीच्या गाडीतून बाजाराला नेत होता. पाठ धरणार नाही तर काय!

हा आकडा गाडीच्या नावावर, कंपनीच्या शिक्क्यावर किंवा डब्याच्या रंगावर अवलंबून नाही. त्यामुळे दोन सेट समोर आले तर तुलना याच आकड्याने करावी.

कडक स्प्रिंग वाईटच, असेही मी म्हणत नाही. शर्यतीच्या सपाट मैदानावर गाडी वळणात कमी झुकावी, ब्रेक मारताना नाक खाली जाऊ नये, खूप खाली उतरवलेली गाडी जमिनीला घासू नये, यासाठी ताठर स्प्रिंग लागते. पण आपले रस्ते मैदान नव्हेत. गतिरोधकाचे माप ठरलेले आहे. भारतीय रस्ते परिषदेच्या नमुन्यानुसार गोल उंचवटा दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. आपल्या गल्लीतला गतिरोधक या मापाचा आहे का, ते प्रत्येकाने उद्या सकाळी स्वतः पाहावे. शिवाय जपानमध्ये जो सेट एकटा तरुण चालवील म्हणून आखला, त्यावर आपण पाच माणसे आणि लग्नाचे सामान लादतो. स्प्रिंग निवडताना हाही बोजा धरला पाहिजे.

आता शॉकपविषयी दोन शब्द, कारण अर्धे भांडण तिथे होते. स्प्रिंग गाडी पेलते आणि उसळवते, ती उसळी गिळून शांत करणे हे शॉकपचे काम. दोघांची जोडी जुळलेली असावी लागते. स्प्रिंग दुप्पट ताठ केली तर शॉकपची पकडही सुमारे ४० टक्के वाढवावी लागते, नाहीतर गाडी खड्ड्यानंतर डोलतच राहते. चांगली कंपनी आपल्या सेटमधला शॉकप ठरावीक स्प्रिंगला जुळवून देते. आपण हौसेने "स्प्रिंग तेवढी वरच्या रेटची द्या" म्हटले की ती जोडी मोडते. गिऱ्हाईक म्हणते स्प्रिंग खराब, दुकानदार म्हणतो शॉकप खराब, आणि खरा दोष निवडीचा असतो.

आणखी एक गैरसमज गॅरेजमध्ये सर्रास आढळतो. आट्यांवरची चकती वर फिरवून स्प्रिंग आवळली की ती कडक झाली, असे बरेच मिस्त्री मानतात. एकसारख्या वेढ्यांची स्प्रिंग आवळल्याने तिचा रेट बदलत नाही. गाडी तिच्यावर बसली की एक मिलिमीटरला लागणारा जोर तोच राहतो, फक्त गाडीची उंची वाढते आणि खालच्या बाजूची चाल बदलते. वेढे कमीजास्त अंतराचे असतील तर गोष्ट निराळी. अशी स्प्रिंग दबता दबता ताठ होत जाते, म्हणून तिच्यासाठी एक आकडा पुरत नाही, सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन विचारावेत.

रेट खरोखर बदलतो तो तारेने आणि वेढ्यांनी. तारेच्या जाडीचा परिणाम चार वेळा गुणला जातो. आतला व्यास ६५ मिलिमीटर आणि कामाचे सहा वेढे असलेली पोलादी स्प्रिंग घ्या. तार १२ मिलिमीटरची असेल तर रेट सुमारे साडेसात किलो येतो, १३ मिलिमीटरची असेल तर दहा किलो. एका मिलिमीटरने एक-तृतीयांश फरक! म्हणून डोळ्यांनी पाहून "सारखीच दिसते" म्हणणे धोक्याचे.

आणि वेढ्यांचे म्हणाल तर सहापैकी एक वेढा कापला की साडेसातची स्प्रिंग नऊची होते. गाडी खाली यावी म्हणून ग्राइंडरने कंपनीची स्प्रिंग कापून देणारे आपल्यातही आहेत. त्यांना वाटते फक्त उंची कमी केली. उंचीबरोबर ताठरता वाढली, शॉकपशी जोडी तुटली आणि कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही ते वेगळेच. गॅसची ज्योत लावून स्प्रिंग बसवणे तर त्याहून वाईट. पोलादाचे पाणी उतरते आणि ती स्प्रिंग पुढे बसतच जाते. चार पैशांसाठी दुसऱ्याच्या जिवाशी हा खेळ करू नये, एवढे मी हात जोडून सांगतो.

आकडा म्हणजे दर्जा नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. आठ किलोच्या दोन स्प्रिंग सारख्या नसतात. एक वर्षानुवर्षे उंची धरून राहते, दुसरी सहा महिन्यांत बसते. एकीला वेढे एकमेकांवर टेकेपर्यंत भरपूर चाल असते, दुसरीला कमी. दोन थान एकाच काउंटचे असले तरी एकाचा रंग पहिल्या धुण्यात जातो, तसेच हे. दर्जा विचारायचा तर पोलाद, चाल आणि हमी विचारा. रेट फक्त जोडी जुळते का ते सांगतो.

आता दुकानदार बंधू म्हणतील, गिऱ्हाईकाला एवढा हिशेब ऐकायला वेळ कुठे आहे? ते येते, "जास्तीत जास्त किलोचा दाखवा" म्हणते, आपण देतो. धंदा असाच चालतो. मला हे मान्य नाही. गिऱ्हाईकाला डेनियर कळत नाही, म्हणून आपण त्याला सदऱ्यासाठी पडद्याचे कापड देत नाही. विचारतो, कशासाठी हवे? हा एक प्रश्न कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि पुण्याच्या नाना पेठेत प्रत्येक काउंटरवर विचारला गेला तर निम्मी भांडणे जन्मालाच येणार नाहीत.

माझी सूचना साधी आहे. सस्पेन्शन विकणाऱ्याने बिलावर फक्त "कॉइलओव्हर सेट एक" असे न लिहिता चार गोष्टी लिहाव्यात. गाडीचे मॉडेल आणि साल. पुढच्या-मागच्या स्प्रिंगचा रेट, त्याच्या एककासह. हा रेट कंपनीने या गाडीसाठी ठरवलेला आहे की गिऱ्हाईकाच्या मागणीवरून बदललेला. आणि गाडी कशासाठी वापरणार ते. तिसऱ्या ओळीखाली गिऱ्हाईकाची सही घ्यावी. ज्याला सही करावी लागते तो एकदा विचार करतो.

कारागिरांसाठी दुसरी सूचना. प्रेस आणि वजनकाटा असेल तर स्प्रिंग स्वतः तपासता येते. थोडी दाबून काट्याचा आकडा लिहा, मग नेमकी २५ मिलिमीटर आणखी दाबून पुन्हा लिहा. वाढलेल्या किलोंना २५ने भागले की रेट आला. स्प्रिंगला भक्कम आडोसा मात्र ठेवा, दबलेली स्प्रिंग निसटली तर हाड मोडते. मोजलेला आकडा डब्यावरच्या आकड्याशी जुळला नाही तर माल परत करा. जो मिस्त्री मोजून सांगतो त्याच्याकडे लोक लांबून येतात.

कायद्याचाही विसर पडू नये. मोटार वाहन कायदा १९८८चे कलम ५२ सांगते की नोंदणीपत्रातला तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर बोट ठेवले. तेव्हा गाडी खाली उतरवण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी काय म्हणते, ते गिऱ्हाईकाने विचारलेले बरे. हे सांगणे दुकानदाराचे काम आहे, लपवणे नव्हे.

राहिला भाच्याचा कज्जा. तिघांना बसवून कागदावर वरचाच गुणाकार केला. पुढे पाच किलोच्या स्प्रिंग घातल्या तर चाकावर साडेचार येतात आणि गाडी मिनिटाला १०७ वेळा डोलू पाहते, म्हणजे जवळजवळ दुबईच्या गाडीइतकीच. भावाच्या दहा किलोचा मजा हवा होता, तो पाच किलोत मिळाला! स्प्रिंग बदलल्या, शॉकपची चावी नरमकडे फिरवली, आणि जो खर्च आला तो तिघांनी वाटून घेतला. दुकानदार आधी कुरकुरला, पण पुढच्या महिन्यात त्यानेच मालकाचा एक दोस्त भाच्याकडे धाडला.

आकडा कधी खोटे बोलत नाही, हे खरे. पण तो अर्धेच बोलतो. उरलेले अर्धे बोलायची जबाबदारी काउंटरमागे बसलेल्या माणसाची आहे.